दगडमातीची साक्ष

उतारावर पाणी थांबत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु अमेरिकेच्या ईशान्य भागातील न्यू हॅम्पशर राज्यात गेल्यास वेगळाच अनुभव येतो. तेथील व्हाइट मौंटन्स नावाच्या डोंगररांगांवर स्प्रूस, फर आणि बर्च या वृक्षांची घनदाट अरण्ये आहेत. वसंत ऋतूत बर्फ वितळू लागले, की या अरण्यांत उतारावरदेखील ठिकठिकाणी चिखल होतो. पाय टाकावा तेथे जमीन पचपचते. थोडे खणून पाहिले, तर करड्या मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसतात. आणखी खणले, तर कुदळही सहज शिरणार नाही असा कठीण थर लागतो. डोंगराच्या उतारावर ही चिबड जमीन आली कोठून? या कोड्याची किल्ली ज्या थोड्या अभ्यासकांनी शोधून काढली, त्यांत लुई आगासी यांचे नाव प्रमुख आहे.

लुईचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधील मोतिए या लहानशा गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. आईची पहिली चार मुले तान्हेपणीच दगावली होती. त्यामुळे लुईवर तिचा फार जीव. गाव सरोवराच्या काठी असल्याने लुईला मासे पकडण्याचा नाद लागला. घरामागे दगडी कुंड होते. त्यात मासे सोडून त्यांच्या हालचाली पाहत तो तासन् तास बसे.

मुलाने व्यापारात पडावे, निदान वैद्य तरी व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. लुईने त्यांचे मन मोडले नाही. त्याने वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८३० साली पदवीही मिळविली. परंतु त्याचे मन सृष्टीच्या अभ्यासातच रमले होते. पुढे पॅरिसला जाऊन त्याने क्यूव्हिए आणि हम्बोल्ट या थोर शास्त्रज्ञांचा स्नेह संपादन केला. १८३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो न्यूशातेल या गावी प्राध्यापक झाला. खडकांत दगड होऊन राहिलेल्या प्राचीन माशांवर त्याने लिहिलेल्या ग्रंथामुळे युरोपात त्याची कीर्ती पसरली.

न्यूशातेल हे गाव जुरा पर्वताच्या पायथ्याशी आहे. जुरा पर्वत चुनखडीचा. पण त्याच्या उतारांवर ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे विखुरलेले दिसतात. असा ग्रॅनाइट तेथे जवळपास कोठेच नाही. तो आहे दूरवरच्या आल्प्स पर्वतात. मग हे धोंडे मधला सखल प्रदेश ओलांडून आले कसे? ते महापुरात वाहत आले, असे त्या काळचे बहुतेक विद्वान समजत. पेरोदँ नावाच्या एका डोंगरी शिकाऱ्याचे मत मात्र निराळे होते. पूर्वी हिमनद्या फार दूरवर पसरल्या होत्या आणि त्यांनीच हे धोंडे आणून टाकले, असे तो सांगे. हे मत प्रथम कोणालाच पटले नाही. पुढे व्हेनेट्झ नावाच्या स्थापत्यशास्त्रज्ञाला ते पटले आणि मिठाच्या खाणींचे संचालक शार्पांतिए यांनीही ते स्वीकारले.

आगासींना मात्र ही कल्पना चुकीची वाटत होती. १८३६ च्या उन्हाळ्यात ते शार्पांतिएंकडे राहावयास गेले, ते त्यांची चूक दाखवून देण्यासाठीच. परंतु तेथे त्यांनी वाद घालण्यापूर्वी डोंगर पायाखाली घातले. जिवंत हिमनदीच्या टोकाशी त्यांना गुळगुळीत झालेले खडक, त्यांवरचे समांतर ओरखडे आणि दगडमातीचे बांध दिसले. नेमक्या याच खुणा हिमनदीपासून कित्येक मैल दूर, जेथे आज बर्फाचा मागमूसही नाही, अशा खोऱ्यांतही दिसल्या. दगडांची साक्ष स्पष्ट होती. आगासींनी आपले जुने मत सोडून दिले.

२४ जुलै १८३७ रोजी न्यूशातेल येथे शास्त्रज्ञांची सभा भरली. आगासी माशांविषयी बोलतील, अशी श्रोत्यांची अपेक्षा होती. ते बोलले बर्फाविषयी! पृथ्वीचा फार मोठा भाग एके काळी हिमाच्छादित होता, असे त्यांनी ठासून सांगितले. सभेत मोठी खळबळ उडाली. हम्बोल्टनेही त्यांना पत्र लिहून पुन्हा माशांकडे वळण्याचा सल्ला दिला. परंतु आगासी डगमगले नाहीत.

१८४० साली त्यांनी आर नदीच्या उगमाजवळील हिमनदीवरच मुक्काम ठोकला. एका प्रचंड शिळेच्या आडोशाला दगड रचून त्यांनी निवारा उभारला. हिमनदीच्या पोटात काय आहे, हे पाहण्यासाठी पुढच्या वर्षी ते दोराला बांधलेल्या फळीवर बसून बर्फातील विहिरीत सुमारे १२० फूट खोल उतरले. खाली गोठविणाऱ्या पाण्यात ते बुडू लागले. वरच्या सोबत्यांनी ओढून घेतले म्हणून प्राण वाचले. हिमनदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत त्यांनी सरळ रांगेत खुंट ठोकले. पुढच्या वर्षी पाहतात तो मधले खुंट पुढे सरकलेले आणि कडेचे मागे राहिलेले! हिमनदी खरोखरच वाहते आणि मध्यभागी अधिक वेगाने वाहते, हे यावरून सिद्ध झाले.

वाहताना हिमनदी खालचा खडक खरवडते आणि जात्यात दळावे तसे दगडांचे पीठ करते. पाणी वाहून आणलेला गाळ निवडून टाकते. जड दगड आधी, बारीक माती नंतर. बर्फाला अशी निवड ठाऊक नाही. चिकणमाती, वाळू, गोटे आणि धोंडे यांचा सरमिसळ ढीग ते मागे ठेवते. स्कॉटलंडमधील शेतकरी अशा दगडाळ मातीला ‘टिल’ म्हणत. शास्त्रज्ञांनी पुढे तोच शब्द घेतला. १८४० साली आगासी स्कॉटलंडला गेले, तेव्हा तेथेही त्यांना प्राचीन हिमनद्यांच्या खुणा आढळल्या.

१८४६ साली ते अमेरिकेस निघाले. वाटेत जहाज हॅलिफॅक्स बंदरात थांबताच ते लगबगीने टेकडीवर चढले. तेथील खडकांवरही तेच ओरखडे होते! पुढच्याच वर्षी त्यांनी व्हाइट मौंटन्समध्ये हिंडून हिमनद्यांच्या खुणा पाहिल्या आणि १८७० साली त्यांवर निबंध लिहिला.

आता चिबड जमिनीचे कोडे उलगडते. एके काळी या डोंगरांवर एक किलोमीटरहून अधिक जाडीचे बर्फ होते. त्याच्या भाराने तळची टिल चोपून काढलेल्या भुईसारखी घट्ट झाली. १२,००० वर्षांहून अधिक काळापूर्वी बर्फ वितळून गेले आणि वरचा थर सैल राहिला. कालांतराने तेथे अरण्य वाढले. आज वितळलेल्या बर्फाचे पाणी सैल मातीतून झिरपते, पण घट्ट थराशी अडते. मग ते मातीच्या आतून उतरणीकडे हळूहळू सरकते आणि खोलगट जागी साठून वर येते. अशा मातीत हवा शिरत नाही. त्यामुळे तिच्यातील लोहाचा तांबूस रंग जाऊन ती करडी पडते. हवा पोचते तेवढ्याच जागी गंजाचे ठिपके राहतात. झाडांची मुळे खोल जाऊ शकत नाहीत. म्हणून वादळात मोठमोठे वृक्ष मुळांसह उलथून पडतात. या मातीचा बारकाईने अभ्यास पुढच्या पिढ्यांतील मृदाशास्त्रज्ञांनी केला. पण ती बर्फाने आणली आहे, ही दृष्टी दिली ती आगासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हिमनद्यांनी खडक दळून भूमी सुपीक केली, हे जाणून आगासी हिमनदीला विधात्याच्या नांगराची उपमा देत.

हार्वर्ड विद्यापीठात ते नामांकित शिक्षक झाले आणि १८५९ साली त्यांनी तेथे प्राणिशास्त्राचे संग्रहालय स्थापन केले. नव्या विद्यार्थ्याच्या हाती ते पुस्तक न देता एखादा मासा देत आणि कित्येक दिवस त्याचेच निरीक्षण करावयास लावीत.

परंतु उत्तरायुष्यात त्यांच्या हातून मोठ्या चुका झाल्या. डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत त्यांनी अखेरपर्यंत मानला नाही. मानववंश निरनिराळे निर्माण झाले असून ते समान दर्जाचे नाहीत, असे असत्य आणि अन्यायकारक मत त्यांनी मांडले. गुलामगिरीच्या समर्थकांना त्याचा आधार मिळाला. विज्ञानाने ते मत खोटे ठरविले आहे. तरुणपणी डोंगरांची साक्ष ऐकून आपले मत बदलणाऱ्या या माणसाने माणसांविषयी मात्र तसा मोकळेपणा दाखविला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

१४ डिसेंबर १८७३ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या समाधीवर कोरीव संगमरवर नाही. आर हिमनदीने वाहून आणलेला एक ओबडधोबड धोंडा स्वित्झर्लंडहून आणून तेथे ठेवला आहे. हिमनदीने आल्प्समधून वाहून आणलेल्या धोंड्यांनीच एके काळी आगासींना आपले मत बदलावयास लावले होते.