टिळकांच्या घरातील धीर

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने आपल्या मंडळ्यांतून गायिली जातात. त्यांचे नाव ठाऊक नाही असे मराठी ख्रिस्ती घर विरळाच. परंतु हे भक्तकवी स्वभावाने अतिशय उतावळे व तापट होते, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ज्या घरी क्षुल्लक कारणावरून शब्दाला शब्द लागतो, त्या घरासाठी त्यांच्या चरित्रातील एवढाच भाग आम्ही येथे सांगतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव कठोर, आई जानकीबाई प्रेमळ व भाविक. आईची भक्ती मुलात उतरली, तसा वडिलांचा संतापही उतरला. लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाई अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. मनात आले की टिळक घर सोडून निघत. कोठे गेले, केव्हा येतील, याचा पत्नीस पत्ता नसे. त्यांचा राग वावटळीसारखा येई व तसाच जाई. पण वावटळ गेल्यावर घरातल्या माणसाला केर काढावा लागतोच.

सन १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीची समजूत पडेपर्यंत ते थांबले नाहीत. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आपल्या नातलगांकडे राहिल्या, आणि टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामात एकटे पडले.

ज्यांस घटकाभर धीर धरवत नसे, त्यांस आता वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. ते पत्रे लिहीत, प्रार्थना करीत. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या त्या आपला जुना धर्म व सोवळे घेऊनच. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनी हे सर्व मान्य केले. बाप्तिस्मा घेण्याची बळजबरी केली नाही. अखेर लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून जातिभेद मनातून काढला, व सन १९०० मध्ये राहुरीस स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला.

यावरून टिळकांचा राग समूळ गेला असे कोणी समजू नये. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात त्यांचा तापटपणा जसाच्या तसा आला आहे, आणि त्यांचे प्रेमही. स्वभाव एका दिवसात पालटत नाही. परंतु ज्या गोष्टीसाठी त्यांचा जीव सर्वांत अधिक तळमळत होता, तीच त्यांनी प्रभूच्या हाती सोपवली. ९ मे १९१९ रोजी ते वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या पत्नीच्या हातून हे झाले असते काय?

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी नवरा प्रभूचा झाला आहे पण बायको नाही, किंवा बायको झाली आहे पण नवरा नाही. तेथे टोचून बोलणे, ताटावरून उठून जाणे, मुलांसमोर एकमेकांचा पाणउतारा करणे, यांनी कोणाचेही अंतःकरण उघडत नाही. उपदेशक बंधूंनीही हे ध्यानात ठेवावे; मंडळीपुढे सौम्य आणि चुलीपुढे कठोर अशी आपली गत होऊ नये. प्रभूने आपल्यासाठी किती वाट पाहिली हे आठवून आज घरी एक कठोर शब्द गिळला, तरी आरंभ झाला असे आम्ही समजतो.