गल्लीबोळांचे छायाचित्रकार : थॉमस अ‍ॅनन

(मोठ्या इमारतींचे फोटो सगळेच काढतात. पण लवकरच पाडल्या जाणाऱ्या अंधाऱ्या बोळांचे फोटो काढून एका छायाचित्रकाराने आपल्या शहराचा इतिहास कसा जपला, ते या पाठात सांगितले आहे.)

स्कॉटलंडच्या पश्चिम भागात क्लाइड नदीच्या काठी ग्लासगो हे जुने शहर आहे. नदीचे पात्र खोल केल्यावर मोठी जहाजे थेट शहरापर्यंत येऊ लागली. व्यापार वाढला. कापडाच्या गिरण्या, लोखंडाचे कारखाने आणि जहाजे बांधण्याच्या गोद्या उभ्या राहिल्या. कामाच्या शोधात खेड्यापाड्यांतून आणि आयर्लंडमधून हजारो माणसे येथे आली. १८०१ साली शहराची लोकसंख्या ८०,००० च्याही आत होती. १८६१ साली ती ४ लाखांच्या जवळ पोचली. माणसे वाढली, पण घरे तेवढी वाढली नाहीत.

याच शहरात थॉमस अ‍ॅनन यांनी नाव मिळवले. त्यांचा जन्म १८२९ साली फाइफ परगण्यातील डेअर्सी या गावी झाला. त्यांच्या घरी जवसाच्या झाडापासून सूत काढण्याचा धंदा होता. मात्र थॉमस यांनी वेगळी वाट धरली. जवळच्या कूपर गावी एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात ते उमेदवारी करू लागले. तेथे ते शिळाछापाचे काम शिकले. या कामात दगडावर उलटी अक्षरे काढावी लागतात. हात स्थिर हवा आणि नजर बारीक हवी. हे दोन्ही गुण त्यांना पुढे फार उपयोगी पडले.

१८४९ साली ते ग्लासगोला आले आणि एका नामांकित कोरीवकाम करणाऱ्याकडे नोकरीला लागले. त्या काळी फोटोची कला नवीनच होती. अ‍ॅनन यांनी ती आत्मसात केली आणि १८५५ साली एका मित्राबरोबर फोटोचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. आफ्रिकेचे प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६४ साली मुंबईमार्गे मायदेशी परतले. त्याच वर्षी अ‍ॅनन यांनी त्यांचा फोटो काढला.

छापलेले फोटो काही वर्षांत पिवळे पडतात, ही त्या काळची मोठी अडचण होती. अ‍ॅनन यांना ती सतत खटकत असे. काजळीसारखे न विटणारे द्रव्य वापरून फोटो छापण्याची एक नवी पद्धत निघाली होती. १८६६ साली स्कॉटलंडपुरते तिचे हक्क अ‍ॅनन यांनी विकत घेतले. आपण टिपलेले पुढच्या पिढ्यांनाही तसेच दिसावे, अशी त्यांची तळमळ होती.

शहराच्या मोठ्या चर्चपासून हाय स्ट्रीट हा जुना रस्ता उतरत जातो आणि पुढे सॉल्टमार्केट रस्ता क्लाइडच्या काठाला मिळतो. या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना अरुंद बोळ होते. त्यांना तेथे क्लोज म्हणतात. एके काळी या भागात श्रीमंत लोक राहत. ते निघून गेले आणि त्यांच्या घरांच्या लहान लहान खोल्या करून त्यांत गरिबांची बिऱ्हाडे भरली. बोळाच्या फरशीतून उघडे गटार वाहत असे. ऊन खालपर्यंत पोचत नसे. पटकी आणि विषमज्वर यांच्या साथी वारंवार येत.

१८६६ साली कायदा करून या वस्त्या पाडण्याचे ठरले. त्यासाठी शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. पाडण्यापूर्वी या भागाची नोंद राहावी, म्हणून मंडळाने अ‍ॅनन यांच्याकडे हे काम सोपवले. १८६८ ते १८७१ या काळात त्यांनी हे फोटो काढले.

हे काम सोपे नव्हते. त्या वेळी फिल्म नव्हती. काचेवर चिकट रसायन पसरायचे, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो काढला की काच वाळण्याच्या आत अंधारात धुवायची. त्यामुळे जड कॅमेरा, काचा, बाटल्या आणि काळोख करण्याचे साधन हे सारे सामान बोळापर्यंत न्यावे लागे. त्यात ग्लासगोचे आभाळ बहुधा ढगाळ. उजेड कमी असल्याने काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात कोणी हलले, तर फोटोत त्याची फक्त धूसर सावली उमटे. या फोटोंत अशी कितीतरी मुले आहेत. काही माणसे मात्र भिंतीशी स्तब्ध उभी राहून आपल्याकडेच पाहतात. डोक्यावर काठ्यांवर कपडे वाळत आहेत आणि पायाखाली ओली फरशी चमकते आहे.

अ‍ॅनन यांनी तेथील गरिबीची थट्टा केली नाही आणि ती झाकलीही नाही. दगडी भिंत, जिना, खिडकी आणि माणूस या सर्वांकडे त्यांनी सारख्याच लक्षाने पाहिले.

पुढे हे बोळ पाडले गेले. मात्र तेथील गरिबांसाठी पुरेशी नवी घरे लवकर बांधली गेली नाहीत. अनेकांना दुसऱ्या दाट वस्त्यांत जावे लागले. घरे पाडणे सोपे असते, वसवणे कठीण असते.

ग्लासगोच्या विद्यापीठाने १८७० साली हाय स्ट्रीटवरची जुनी जागा सोडली. ती रेल्वेला विकली गेली. त्या जुन्या इमारतींचे फोटोही अ‍ॅनन यांनी काढून ठेवले. डोंगरातील कॅट्रिन सरोवराचे पाणी १८५९ पासून ग्लासगोला मिळत होते. त्या पाणीयोजनेचे बोगदे आणि पूलही त्यांनी टिपले. शहराचे जुने दुखणे आणि त्यावरचा इलाज, दोन्ही त्यांच्या फोटोंत आहेत.

शिकण्याची त्यांची हौस अखेरपर्यंत टिकली. १८८३ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, मुलगा जेम्स क्रेग याला घेऊन ते व्हिएन्नाला गेले आणि तांब्याच्या पत्र्यावरून फोटो छापण्याची नवी कला शिकून आले. १८८७ साली त्यांचे निधन झाले. १९०० साली याच नव्या पद्धतीने त्यांचे बोळांचे फोटो पुन्हा छापण्यात आले.

विश्वस्त मंडळाला हवी होती ती पाडायच्या घरांची नोंद. अ‍ॅनन यांच्या मेहनतीमुळे त्या नोंदीत माणसेही राहिली. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण ग्लासगोच्या इतिहासात त्यांचे चेहरे कायम राहिले आहेत.

स्वाध्याय

१. ग्लासगो शहराची लोकसंख्या का वाढली?
२. अ‍ॅनन यांना बोळांचे फोटो काढताना कोणत्या अडचणी आल्या?
३. घरे पाडणे सोपे असते, वसवणे कठीण असते, असे लेखकाने का म्हटले आहे?
४. वाक्यांत उपयोग करा : आत्मसात करणे, खटकणे, स्तब्ध उभे राहणे.
५. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या गल्लीची किंवा इमारतीची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.