सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल: नव्या औषधाची कसोटी लावायला शिकवणारा रुग्ण

फॅटी लिव्हरवरच्या नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का, असे विचारल्यावर बहुतेकांच्या मनात एकच शंका येते: आपल्या वाट्याला औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी, म्हणजे प्लासिबो, आली तर? शंका रास्त आहे. ज्यांच्यामुळे चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची ही पद्धत रूढ झाली, ते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल डॉक्टर नव्हते, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल.

हिल यांचा जन्म १८९७ मध्ये लंडनला झाला. वडील नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते आणि मुलालाही डॉक्टरच व्हायचे होते. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या विमानदलात असताना त्यांना फुप्फुसाचा क्षय झाला. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. जवळजवळ दोन वर्षे रुग्णालयात गेली, त्यानंतरही विश्रांतीचा लांब काळ होता, आणि वैद्यकीय शिक्षण राहूनच गेले. या आजारपणात त्यांनी घरूनच अभ्यास करून अर्थशास्त्राची पदवी मिळवली आणि पुढे ते वैद्यकीय संख्याशास्त्राकडे वळले.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम त्याच क्षयरोगावरचे. युद्धानंतर ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन फार थोडे मिळत होते, सर्वांना पुरणे शक्यच नव्हते. मग हिल यांनी सुचवले की कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी ठरवावे. डॉक्टर कितीही प्रामाणिक असला तरी नकळत बऱ्या प्रकृतीच्या रुग्णाला नवे औषध देऊ शकतो, आणि मग यश औषधाचे की रुग्णाच्या प्रकृतीचे, हे कळत नाही. एकूण १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती मिळाली, ५२ जणांना फक्त विश्रांती, म्हणजे तेव्हाचा नेहमीचा उपचार. एक्स-रे तपासणाऱ्यांना कोण कोणत्या गटातले हे सांगितले नव्हते. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ जण दगावले, दुसऱ्यात १४. हे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता यकृताकडे वळू. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ७२ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्या सुमारे ६३ टक्के रुग्णांची यकृताची दाहक सूज, त्यातले तंतुमय व्रण न वाढता, निवळली. प्लासिबो गटात हेच प्रमाण ३४ टक्के होते! चाचणीत आल्यावर माणसे खाण्याकडे लक्ष देतात, चालायला लागतात. शिवाय हा आजार मुळातच कमीजास्त होतो, आणि बायोप्सीत यकृताचा अगदी छोटा तुकडा तपासला जातो. दुसरा गट नसता, तर हे सगळे श्रेय औषधाच्या खात्यात गेले असते.

स्ट्रेप्टोमायसिनच्या कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. जंतू औषधाला सरावले आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतल्या मृत्यूंमधला फरक खूपच कमी झाला. त्यातूनच एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची रीत पुढे आली. यकृतात जंतूंचा प्रश्न नाही, पण फायदा टिकतो का, सिरॉसिस खरोखर टळतो का, हे पाहायला वर्षे लागतात. म्हणून या चाचण्या इतक्या लांबतात.

त्या चाचणीतली एक गोष्ट मात्र आज चालणार नाही. फक्त विश्रांती मिळालेल्या रुग्णांना आपण चाचणीत आहोत हेच माहीत नव्हते. आज भारतात नैतिकता समितीची मंजुरी आणि तुमची लेखी संमती घेतल्याशिवाय चाचणी सुरू करता येत नाही. संमतीपत्र घरी नेऊन कुटुंबीयांसोबत वाचा. बायोप्सी किती वेळा होईल, दुष्परिणाम झाल्यास उपचार कोण करील, हे विचारा. सही केल्यानंतरही तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

हिल पुढे रिचर्ड डॉल यांच्यासोबत धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्या अभ्यासासाठीही ओळखले गेले. तरुणपणी क्षयाने गाठलेला हा माणूस ९३ वर्षे जगला. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.