कल्याणजींची बीन आणि सापाचे कान

लग्नाची वरात रंगात आली की कीबोर्डवाल्याला एक फर्माईश हमखास होते. तेरणेवरच्या धरणामुळे ओळखल्या जाणाऱ्या माकणीत असो, लोहारा-उमरग्याकडच्या एखाद्या वस्तीवर असो की थेट मुंबईच्या चाळीत असो, त्यात फरक पडत नाही. वादक एक बटण दाबतो आणि बीन वाजू लागते. एकजण रुमालाचे टोक दातात धरून गारुडी होतो, दुसरा डोक्यावर हाताचा फणा करून रस्त्यात लोळतो. या सुरावटीला आता सत्तर वर्षे उलटून गेली. गंमत अशी की तिच्यातली बीन खरी नव्हतीच. ती दुधीच्या तुंब्यातून निघाली नव्हती, विजेवर चालणाऱ्या एका वाद्यातून निघाली होती. ते वाद्य वाजवणारा पंचविशीतला तरुण पुढे हिंदी चित्रपटसंगीतातील मोठा संगीतकार झाला. त्याचे नाव कल्याणजी वीरजी शाह.

कल्याणजींचा जन्म 30 जून 1928 रोजी कच्छमधील कुंदरोडी या गावी झाला. वडील वीरजी शाह मुंबईत आले आणि त्यांनी किराणा दुकान टाकले. कुटुंब गिरगावात राहत होते. एका बाजूला मराठी नाट्यसंगीत आणि भजने, दुसऱ्या बाजूला गुजराती गरबा, असे ते वातावरण होते.  त्यांच्या शिक्षणाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दुकानाची उधारी फेडता न आलेल्या एका गिऱ्हाइकाने पैशांच्या बदल्यात मुलांना सूर-तालाची शिकवणी देऊ केली. ती उधारी अशा रीतीने वसूल झाली आणि व्याजात देशाला दोन संगीतकार मिळाले. दुसरे म्हणजे धाकटे बंधू आनंदजी.

तरुणपणी कल्याणजींनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. त्याच सुमारास त्यांच्या हाती क्लॅव्हिओलिन हे वाद्य आले. फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन यांनी ते 1947 मध्ये तयार केले होते. पेटीसारख्या पट्ट्या, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे मंडल, वेगळा ध्वनिवर्धक आणि गुडघ्याने दाबून आवाज कमी-जास्त करायची एक तरफ, असा त्याचा थाट होता. एका वेळी एकच सूर वाजायचा. पट्ट्यांखाली बटणांची एक रांग होती. ती खाली-वर केली की तोच सूर कधी व्हायोलिनसारखा, कधी बासरीसारखा, कधी सनईसारखा ऐकू यायचा. आजच्या डिजिटल सिंथेसायझरचा हा पूर्वज.

1954 साली फिल्मिस्तानचा ‘नागीन’ हा चित्रपट आला. संगीत हेमंतकुमार यांचे होते. वैजयंतीमाला यांच्यावर चित्रित झालेल्या, लता मंगेशकर यांनी गायलेल्या गाण्यासाठी बीन हवी होती. खऱ्या बिनीत अडचणी होत्या. तिच्यावर मोजकेच सूर निघतात, पट्टी बदलता येत नाही आणि मोठ्या वाद्यवृंदाशी ती सुरात जुळवणे अवघड जाते. शेवटी कल्याणजींचे क्लॅव्हिओलिन आणि हेमंतकुमारांचे सहायक रवी यांची हार्मोनियम यांच्या मिलाफातून ती बीन घडवली गेली. ती एवढी हुबेहूब वठली की चित्रपट चालू असताना थिएटरात खरे साप शिरल्याच्या दंतकथा गावोगाव पसरल्या.

व्हॉल्व्हच्या पेटीतून तुंब्याची बीन कशी निघाली, हे समजून घेण्यासारखे आहे. कोणताही वाद्यस्वर एकटा नसतो. मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे सूरही बारीक आवाजात वाजत असतात. त्यांना उपस्वर म्हणतात. कोणता उपस्वर किती जोरात आहे, यावर त्या वाद्याचा बाज ठरतो. तोच षड्ज सतारीवर आणि सनईवर वेगळा का वाटतो, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. जर्मनीतील हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी हे एकोणिसाव्या शतकात प्रयोगाने दाखवले. ते मुळात डॉक्टर होते, लष्करात वैद्यकीय सेवा केलेले होते. विजेवर थरथरणारे अनेक स्वरकाटे एकत्र वाजवून त्यांनी माणसाच्या तोंडच्या स्वरांसारखे आवाज कृत्रिमरीत्या तयार केले होते.

बिनीमध्ये दोन नळ्या असतात. एक सतत एकच सूर धरते आणि दुसरीवर बोटे फिरतात. या नळ्या सरळ, सारख्या जाडीच्या असतात आणि एका टोकाला जिभाळी बसवलेली असते. अशा नळीत तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम उपस्वर जोरकस उमटतात आणि सम उपस्वर दबून राहतात. बिनीचा तो नाकातला, पोकळ वाटणारा आवाज त्यातून येतो. क्लॅव्हिओलिनच्या मंडलात तयार होणारी विद्युतलहर जवळपास चौकोनी आकाराची होती, आणि चौकोनी लहरीतही विषम उपस्वरच असतात. म्हणजे तुंबा आणि व्हॉल्व्ह यांचे नाते मुळातच जुळणारे होते. गारुडी गाल फुगवून, नाकाने श्वास घेत सूर तुटू देत नाही. विजेच्या वाद्याला तर श्वासच घ्यावा लागत नाही. राहिला तो सुरातला थरथराट. त्यासाठी क्लॅव्हिओलिनवर वेगळी सोय होती.

आजच्या सिंथेसायझरमध्ये हेच घटक संगणकाच्या चिपमध्ये गेले आहेत. आधी लहरीचा आकार निवडायचा, मग इलेक्ट्रॉनिक गाळणीने नको ते उपस्वर कापायचे. सूर झटकन उठावा की हळूहळू चढावा, सोडल्यावर किती वेळ रेंगाळावा, हे ठरवायचे आणि शेवटी थोडा कंप मिसळायचा. वरातीतला वादक बटण दाबतो तेव्हा ही सगळी जुळणी आधीच करून ठेवलेली असते. कल्याणजींच्या काळी ती कानाने ऐकत हाताने करावी लागे.

आता प्रश्न सापाचा. ही बीन साप ऐकू शकला असता का? सापाला बाहेरचा कान नसतो, कानाचा पडदाही नसतो. आतला कान मात्र असतो आणि तो एका बारीक हाडाने जबड्याशी जोडलेला असतो. जमिनीतली थरथर जबड्यातून आत पोचते. हवेतून येणारे खालच्या पट्टीतले, काहीशे हर्ट्झपर्यंतचे आवाज कवटीच्या कंपनातून त्याला थोडेफार जाणवतात. बिनीला बीनपण देणारे वरचे उपस्वर त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. टोपलीतला नाग गारुड्याच्या हलत्या बिनीकडे आणि गुडघ्याकडे धोका म्हणून पाहत असतो. फणा काढून त्या हालचालीचा माग ठेवतो, आणि आपल्याला वाटते तो डोलतो आहे. कल्याणजींनी घडवलेला तो नाद पूर्णपणे माणसाच्या कानासाठी होता. माणसाच्या मनात मात्र तो एवढा खोल रुजला की बीन म्हणजे साप, आणि सूर-मंत्राने साप वश होतो, ही समजूत पक्की झाली.

वरातीत या समजुतीने कुणाचे बिघडत नाही. साप चावल्यावर ती जिवावर बेतते. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. यातले बहुतेक खेड्यांत झाले आणि अनेक जण रुग्णालयात पोचलेच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. पाऊस पडला की बिळात पाणी शिरते, उंदीर बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे साप. सोयाबीन काढताना, उसाला रात्री पाणी देताना, सरपण उचलताना पाय किंवा हात सापडतो.

आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी सापानेही प्रत्येक चाव्यात विष सोडलेले असतेच असे नाही. मांत्रिकाच्या यशाचे रहस्य एवढेच आहे. जो मंत्राविनाही वाचलाच असता, तो मंत्राने वाचला असे वाटते. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले आहे, त्याचे मात्र देवळाच्या पारावर मोलाचे तास जातात.

महाराष्ट्रात मुख्य चार सापांची काळजी घ्यायची: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर काम करते. पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश अनेकदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटदुखी आणि पापण्या मिटू लागणे, एवढेच कळते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती बिघडवते. चावल्या जागी सूज येते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

या चारही विषांवर एकच लस चालते. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये म्हणजे ही प्रतिसर्पविष लस. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या लसीशी दीर्घकाळ जोडलेले आहे. शासकीय रुग्णालयांत ती मोफत मिळते. रक्तात फिरणारे विष ती निष्प्रभ करते, पण झालेले नुकसान भरून काढत नाही. म्हणून वेळेला किंमत आहे.

साप चावल्यास रुग्णाला धीर द्यावा, चालू किंवा पळू देऊ नये. अंगठी, जोडवी, कडे, घड्याळ लगेच काढावे. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. दोरी आवळू नये, जखम कापू नये, विष चोखू नये, मिरची किंवा लिंबाचा पाला खायला देऊन पारख करू नये. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. 108 क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. साप कोणता, हे माहीत नसले तरी लक्षणे आणि रक्ताची साधी तपासणी यांवरून डॉक्टर उपचार ठरवतात.

कल्याणजींचे आयुष्य त्या एका सुरावटीवर थांबले नाही. 1958 च्या ‘सम्राट चंद्रगुप्त’ने ते स्वतंत्र संगीतकार झाले. पुढच्याच वर्षी आनंदजी जोडीला आले आणि कल्याणजी-आनंदजी हे नाव रूढ झाले. जोडीच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एकाचे नाव योगायोगाने ‘मदारी’ होते. ‘सरस्वतीचंद्र’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर ‘डॉन’ आणि ‘कुर्बानी’मध्ये त्यांनी पुन्हा नव्या विद्युत नादांची चव प्रेक्षकांना लावली. 1992 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उतारवयात कल्याणजींनी लहान मुलांना गाणे शिकवण्यात मन रमवले. साधना सरगम आणि सुनिधी चौहान या त्यांच्याकडे शिकलेल्या गायिका. 24 ऑगस्ट 2000 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

गिरगावातल्या एका किराणा दुकानदाराच्या मुलाने लोकांना खरी वाटेल अशी बीन घडवली, हे त्याचे कसब. ती ऐकून वरातीत जरूर नाचावे. पण त्याच रात्री मांडवात जमिनीवर झोपलेल्या कुणाला पहाटे पोटदुखी सुरू झाली आणि पापण्या जड होऊ लागल्या, तर मांत्रिकाचे घर शोधू नये. गाडी सरळ रुग्णालयाकडे वळवावी.