महादजी शिंदे : निकामी गुडघ्यासह तेहतीस वर्षे

उज्जैनीत शिंदे घराण्याचे ठाणे बसवले ते राणोजींनी. महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांचेच दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या सारस्वत मुत्सद्द्याने केला. राणोजींचे सर्वांत धाकटे पुत्र महादजी. त्यांचा जन्म १७३० च्या सुमाराचा. वडील भाऊ जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले; दत्ताजी १७६० च्या संक्रांतीस बुराडी घाटावर पडले. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर तुकोजी गेले आणि पुतणे जनकोजीही वाचले नाहीत. महादजी जगले, पण त्या दिवसाने त्यांचा एक पाय कायमचा नेला.

मोड झाल्यावर ते दक्षिणी घोडीवरून दक्षिणेकडे निघाले. एक अफगाण स्वार कित्येक कोस त्यांच्या मागे लागला होता. थकलेली घोडी खळग्यात कोसळली, अफगाणाने कुऱ्हाडीचा घाव गुडघ्यावर घातला, अंगावरचे दागिने नि वस्त्रे उतरवून घेतली आणि त्यांना तिथेच टाकून तो निघून गेला. पळणाऱ्यांच्या गर्दीतून राणेखान नावाचा एक भिस्ती बैलावर पखाल घेऊन चालला होता. त्याने या जखमी सरदाराला बैलावर घातले आणि सुखरूप दक्षिणेत पोहोचवले. तो अफगाण पुढे कित्येक वर्षे महादजींची झोप मोडीत असे, अशी आठवण सांगितली जाते. एरवी रणांगणाबद्दल बेदरकार असणाऱ्या या माणसाची ही एक दुखरी जागा होती.

घाव मांडीत वा पोटरीत बसता तर कदाचित भरून आला असता. सांध्याचे तसे नसते. सुश्रुतसंहितेत जानू आणि कूर्पर, म्हणजे गुडघा आणि कोपर, ही दोन्ही मर्मे वैकल्यकर गटात एकत्र सांगितली आहेत: तिथे इजा झाली तर माणूस मरत नाही, पण पाय लंगडा होतो किंवा हात थोटा पडतो. महादजींच्या वाट्याला यातले पहिले आले. त्यांच्या काळी युरोपातल्या शल्यवैद्यांनाही फुटलेल्या गुडघ्यावर अवयव कापून टाकण्यावाचून दुसरा भरवशाचा उपाय ठाऊक नव्हता. लिव्हरपूलच्या हेन्री पार्कने १७८१ मध्ये एका खलाशाचा रोगग्रस्त गुडघा कापून काढला आणि पाय मात्र राखला. १७८३ साली त्याने गुडघा आणि कोपर या दोन सांध्यांविषयीच्या आपल्या पद्धतीचे पुस्तक छापले. हत्यारे करवत आणि सुरी, भूल नाहीच. सांधा काढला तरी त्या जागी बसवायला काही नव्हते. हाडे एकमेकांना चिकटून पाय ताठ झाला तर तेच यश. पार्कचे पुस्तक निघाले त्याच वर्षी महादजी ग्वाल्हेरचा किल्ला परत जिंकत होते.

या लंगड्या पायावर त्यांनी जे केले ते इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. राघोबांच्या विरोधातून वाट काढून १७६८ मध्ये सरदारी मिळवली. १७७२ मध्ये शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर परत नेले. १७७९ मध्ये वडगावास इंग्रजांना शरण आणले आणि तीन वर्षांनी सालबाईच्या तहात त्याच इंग्रजांशी मध्यस्थ म्हणून बोलणी केली. १७८४ अखेर ते बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. स्वतः मात्र ते पाटील म्हणवून घेत.

पण या साऱ्यांत विशेष लक्षात राहतो तो राणेखान. महादजींनी त्याला इनाम देऊन वाटेस लावले नाही. भाऊ मानले आणि सैन्यात चढवत नेले. गुलाम कादिरने १७८८ मध्ये दिल्लीत बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याचे पारिपत्य करण्यास निघालेल्या फौजेचा मुख्य राणेखान होता. त्या मोहिमेत त्याच्या बरोबरीने पेडणे महालातील केरीचे जिवबादादा केरकर होते. पखालीचा धनी आणि गोमंतकातला सारस्वत, दोघे मिळून दिल्ली हाती घेत आहेत, हे दृश्य अठराव्या शतकातल्या मराठी सत्तेविषयी पुष्कळ सांगते.

जून १७९२ मध्ये महादजी पुण्यास आले. बादशाही वस्त्रे पेशव्यांना अर्पण करण्याच्या सोहळ्यात ते दूरवरच हत्तीवरून उतरले, मानकऱ्यांच्याही खाली जाऊन बसले आणि बगलेतल्या बासनातून नवे जोडे काढून त्यांनी सवाई माधवरावांपुढे ठेवले. वडिलांचे काम तेच होते, असे त्यांचे सांगणे. नाना फडणिसांच्या पक्षाला यात नाटक दिसले, आणि ते सर्वस्वी चुकत होते असे म्हणवत नाही. तरी साठी ओलांडलेल्या, गुडघा न वळणाऱ्या माणसाला जमिनीवर खाली बसणे किती जड गेले असेल, हे पाहणाऱ्यांना दिसलेच असणार.

ते पुण्यात असतानाच, १७९३ मध्ये, जवळपास एक विलक्षण शस्त्रक्रिया झाली. कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक आणि एक हात टिपूच्या लोकांनी छाटला होता. विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. इंग्रज वैद्यांनी ते पाहिले आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात त्याचा वृत्तांत छापून आला. चित्रकार जेम्स वेल्सने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचे चित्र रंगवले. पुण्याच्या मुक्कामात महादजींची तसबीरही त्यानेच केली. कावसजीला नाक मिळाले, हात मात्र मिळाला नाही. जिवंत कातडी हलवता येत होती. सांधा कुठून आणणार?

तो धातूचा घडवावा लागतो. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुकने १८९० च्या सुमारास हस्तिदंती सांधे बसवून पाहिले, पण क्षयाने पोखरलेल्या हाडांत ते टिकले नाहीत. कोपरासाठी टिकाऊ बिजागरी यायला १९७० चे दशक उजाडावे लागले. आता दंडाचे आणि अग्रबाहूचे हाड आतून कोरून, मापाच्या नमुन्यांनी अंदाज घेऊन, धातूचे दोन दांडे हाडांच्या सिमेंटने बसवतात. मध्ये प्लॅस्टिकचे अस्तर आणि किंचित सैल ठेवलेली बिजागरी. अगदी घट्ट बिजागऱ्या हाडातून उखडतात, हे पहिल्या प्रयत्नांनी शिकवले होते. एवढे करूनही त्या हाताने जन्मभर जड ओझे उचलायचे नसते.

कावसजीचे चित्र पुरे झाल्यावर काही आठवड्यांतच, १२ फेब्रुवारी १७९४ रोजी, महादजी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत तापाने वारले. मुलगा नव्हता, सरदारी तुकोजींचे नातू दौलतराव यांच्याकडे गेली. त्यांनी १८१० मध्ये उज्जैन सोडून राजधानी ग्वाल्हेरला नेली. महादजींची छत्री वानवडीलाच आहे.