बिअरवाल्याचा थर्मामीटर

मधुमेहाच्या ओपीडीत रोज कुणी ना कुणी मला पोळीच्या कॅलरी विचारतं. उष्णतेचा आणि श्रमाचा हिशेब मुळात कुणी जुळवला, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. तो जुळवला बिअर बनवणाऱ्या घराण्यातल्या एका माणसाने.

जेम्स प्रेस्कॉट जूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये झाला. वडिलांची ब्रुअरी होती. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे मुलगा अशक्त होता, त्यामुळे शिक्षण घरीच. पुढे त्याला आणि भावाला शिकवायला अणुसिद्धान्तवाले जॉन डाल्टन मिळाले. पण १८३७ मध्ये डाल्टनना पक्षाघात झाला. विद्यापीठाची पायरी जूल चढलेच नाहीत. ते ब्रुअरीच्या कामाला लागले.

या धंद्यात सगळी मदार तापमानावर. मोड आणून वाळवलेली, भरडलेली बार्ली गरम पाण्यात तासभर ठेवतात. तिच्यातली अमायलेज एन्झाइम पिष्टाची साखर करतात, पण साधारण ६२ ते ६८ अंश सेल्सिअसलाच. पारा सत्तरीपार गेला की त्यातलं एक एन्झाइम लवकरच निकामी होतं आणि न आंबणारी साखर जास्त उरते. (मोड आणलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ बाळाच्या कोमट, घट्ट पेजेत ढवळलं की ती पातळ होते, तीही अमायलेजचीच करामत. उकळत्या पेजेत घातलं तर साधत नाही.) ब्रुअरीच्या मोठ्या पिंपात उष्णता टिकते. घरी पाच-सहा लिटर बिअर करणाऱ्या हौशी लोकांची मात्र पंचाईत होते. छोट्या पातेल्याचा पृष्ठभाग आतल्या पाण्याच्या मानाने मोठा, म्हणून तासाभरात पारा घसरतो. ते पातेलं ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवतात.

जूल यांच्या प्रयोगाच्या तांब्याच्या भांड्यातही सहा लिटरच्या आसपासच पाणी होतं. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, असा तेव्हा बहुतेकांचा समज. जूल यांना दाखवायचं होतं की नुसत्या घुसळण्यानेही ती निर्माण होते. त्यांनी शिशाची सुमारे तेरा-तेरा किलोची दोन वजनं दीड मीटरभर उंचीवरून वीस वेळा खाली सोडून पाण्यातलं पात्यांचं चाक फिरवलं. पाणी किती तापलं? अर्ध्या फॅरनहाइट अंशाहून जरासं जास्त. एवढी वाढ तर खोलीच्या हवेनेही होऊ शकते! म्हणून त्यांनी स्वतःच्या अंगाची ऊब लागू नये यासाठी मध्ये लाकडी पडदा लावला, चाक न फिरवता तेवढाच वेळ पुन्हा तापमान नोंदवलं, आणि हे चाळीस वेळा केलं. अंशाच्या अंशावर विश्वास ठेवण्याची ही सवय ब्रुअरीतलीच असावी, असं मला वाटतं. विज्ञानसभेतल्या विद्वानांना ती नव्हती. १८४३ मध्ये कॉर्कच्या सभेत त्यांचं म्हणणं सगळ्यांनी गप्प बसून ऐकलं. १८४७ मध्ये ऑक्सफर्डला अध्यक्षांनी त्यांना थोडक्यात आटपायला सांगितलं. तेव्हा विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, या तरुणाने विषय उचलून धरला नसता तर तोही दिवस वाया गेला असता.

१८५० च्या निबंधातला आकडा होता ७७२. एक पाउंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवणारी उष्णता म्हणजे एक पाउंड वजन ७७२ फूट उचलण्याचे श्रम. आजच्या मापनात ते सुमारे ७७८ फूट भरतात, म्हणजे चूक एक टक्क्याहून कमी. माझ्या रुग्णांच्या भाषेत सांगायचं तर डब्यावर लिहिलेली एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४२७ किलोचं ओझं एक मीटर उचलणं.

१८५४ मध्ये पत्नी अमेलिया गेली, मागे दोन लहान मुलं. त्याच सुमारास ब्रुअरीही विकली गेली. प्रयोग मात्र चालूच राहिले. १८७८ मध्ये, साठीला आलेले असताना, जूल यांनी तोच आकडा पुन्हा मोजला. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल या गावी त्यांचं निधन झालं. थडग्यावरच्या दगडात तो कोरला आहे: ७७२.५५.