लुडविग बोल्ट्झमन : अणूंच्या टकरींचा हिशेब

बशीत ओतलेला चहा लवकर निवतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण तो निवतो कसा? त्यातले सगळ्यात चपळ रेणू वाफ होऊन निसटतात. मागे राहिलेले एकमेकांवर आदळतात, उरलेली ऊर्जा आपसात वाटून घेतात, आणि सरासरी खाली येते. वायूमध्ये ही वाटणी टकरींतून कशी होते याचं गणित मांडलं लुडविग बोल्ट्झमन यांनी.

त्यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी व्हिएन्नात झाला. वडील करखात्यात नोकरीला होते. लुडविग १५ वर्षांचे असताना ते वारले. तरी शिक्षण थांबलं नाही. १८६६ साली व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळाली आणि वयाच्या अवघ्या २५व्या वर्षी ते ग्राट्झला प्राध्यापक झाले. तिथेच त्यांना हेन्रिएट भेटल्या. गणित-विज्ञान शिकायची त्यांची धडपड चालू होती, पण विद्यापीठाची दारं तेव्हा बायकांना बंद होती. बोल्ट्झमन यांनी त्यांना दाद मागायला लावलं. १८७६ मध्ये दोघांचं लग्न झालं.

१८७२ साली बोल्ट्झमन यांनी वायूचं आपलं प्रसिद्ध समीकरण मांडलं. वायू कुठल्याही अवस्थेत असो, रेणूंच्या असंख्य टकरी होत होत तो शेवटी समतोलाला येतो, असं त्यातून दिसत होतं. लोश्मिट हे त्यांचे जवळचे मित्र, पण शंका काढली ती त्यांनीच. एकेक टक्कर उलटीही होऊ शकते, मग वायू मागे का फिरत नाही? याचं उत्तर शोधताना बोल्ट्झमन संभाव्यतेकडे वळले. मागे फिरणं अशक्य नाही, पण त्याची शक्यता इतकी नगण्य की ते कधी दिसणारच नाही. १८७७ मध्ये त्यांनी एन्ट्रॉपीचा संबंध अणूंच्या संभाव्य मांडण्यांच्या संख्येशी जोडला.

पण अडचण मुळातच होती. अणू कुणी पाहिला होता? माख आणि ओस्टवाल्ड यांच्यासारखी मोठी माणसं अणूला फार तर सोयीची कल्पना मानत. १८९५ मध्ये ल्युबेकच्या परिषदेत जोरदार वाद झाला. बोल्ट्झमन एकाकी पडत गेले. १८८९ मध्ये त्यांचा थोरला मुलगा गेला होता. मन कधी उत्साहानं भरून यायचं, कधी पार खचायचं. ग्राट्झ, म्युनिक, व्हिएन्ना, लाइपझिग, पुन्हा व्हिएन्ना, असं त्यांचं बिऱ्हाड हलत राहिलं. ५ सप्टेंबर १९०६ रोजी, ट्रिएस्टजवळच्या ड्युइनो गावी कुटुंबासोबत सुट्टीवर असताना, त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. त्यांचा घात वादानं केला, असं म्हणणं सोपं आहे. पण मनाचं दुखणं जुनं होतं, आणि त्याला तेव्हा धड उपचार नव्हते. पुढच्या दोन-तीन वर्षांत पेराँ यांच्या प्रयोगांनी अणूची बाजू भक्कम केली आणि खुद्द ओस्टवाल्ड यांनीही माघार घेतली.

आता आजच्या प्रयोगशाळेत येऊ. तिथे अणूंचा वायू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियसच्या, अगदी जवळ नेतात. शेवटची युक्ती बशीतल्या चहाचीच! चुंबकीय सापळ्याचा काठ हळूहळू खाली आणायचा, तापलेले अणू सांडू द्यायचे, आणि उरलेल्यांना टकरींतून पुन्हा समतोल साधू द्यायचा. टकरी थांबल्या की थंड होणंही थांबतं.

लिथियम-६चं नेमकं इथेच अडतं. हे अणू फर्मिऑन जातीचे. सगळे एकाच अवस्थेत असले, तर इतक्या थंडीत ते एकमेकांवर जवळजवळ आदळतच नाहीत. मग काय करायचं? त्यांच्यात बोसॉन जातीचं लिथियम-७ मिसळायचं. ते स्वतः निवतं, आणि टकरींतून सोबत्यालाही निववतं. २००१ मध्ये पॅरिस आणि ह्यूस्टन इथल्या गटांनी हे करून दाखवलं. जोडीदाराचं वजनही पाहावं लागतं. गोटी तेवढ्याच गोटीवर नीट बसली की आपला सारा वेग तिला देते. मोठ्या दगडावर आपटली तर नुसती उसळून परत येते. अणूंचंही तसंच. वजनं जवळपास सारखी असली, तर प्रत्येकी सरासरी तीनेक टकरींत तापमानातली तफावत बरीचशी मिटते. वजनात फरक जास्त असला, तर टकरीही जास्त लागतात.

हा हिशेब करायला संशोधक आजही बोल्ट्झमन यांचंच समीकरण घेतात. फार थंडीत त्याला क्वांटमच्या अटी जोडाव्या लागतात, पण टकरींमागचा विचार तोच. ज्या अणूंसाठी ते आयुष्यभर भांडले, ते आज सापळ्यात धरून एकेक मोजता येतात. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्यांच्या समाधीवर त्यांचं एन्ट्रॉपीचं सूत्र कोरलेलं आहे.